करड्या साडीचा रंग

माझ्या नातीने मला परवा नापास केले. तसे तोंडाने ती काही वाईट बोलली नाही. आठ दिवस खपून मी तयार केलेले पान तिने हातभर लांब धरले, मान एकदा डावीकडे कलती केली, एकदा उजवीकडे केली आणि म्हणाली, "छान आहे गं आजी. पण केवढी गर्दी!"

मी बत्तीस वर्षे शाळेत शिकवले आहे. 'छान आहे, पण' याचा अर्थ मला कोणी समजावून सांगायला नको. हा शेरा मी स्वतः हजारो वह्यांवर लिहिला आहे.

पान होते चिकटवहीचे. आई असती तर यंदा, म्हणजे २०२५ साली, शंभर वर्षांची झाली असती. ती १९९१ साली गेली तेव्हा तिची पत्र्याची ट्रंक माझ्याकडे आली आणि ट्रंकेतल्या फोटोंचे काहीतरी करायचे, करायचे म्हणत मी चौतीस वर्षे काढली. शेवटी यंदा ठरवले की गणपतीत सगळे नाशिकला दादाकडे जमतात, तेव्हा वही तयार पाहिजे. उत्साह दांडगा होता. पहिल्या पानावर मी पाच फोटो बसवले. प्रत्येकाला करवती कडेचा घोटीव कागद लावला, कोपऱ्यात लग्नपत्रिकांतून कापलेली वेलबुट्टी, मध्ये एक सोनेरी दोरा, आणि जागा उरली म्हणून एक सुभाषित. ते पान बघून आईला काय वाटले असते कोणास ठाऊक; बहुधा ती म्हणाली असती, यात मी कुठे आहे?

आमच्या लहानपणी फोटोंचे अल्बम असत ते काळ्या पानांचे. दोन पानांच्या मध्ये पातळ, जाळीदार कागद आणि फोटोच्या चारी कोपऱ्यांना काळी त्रिकोणी टोपडी. त्या अल्बमांना एक अदब होती. पुढे चिकट पानांचे, वर प्लास्टिक असलेले अल्बम आले. ते फार सोयीचे होते आणि त्यांनी आमच्या दोन लग्नांचे फोटो खाल्ले. पिवळे पडले ते पडलेच, वर असे चिकटून बसले की सोडवायला गेले तर माणसांचे चेहरे पानावर राहतात आणि हातात नुसता कागद येतो. तेव्हापासून फोटोला डिंक नाही, खळ नाही, कोपरेच, हा माझा नियम. वहीत खळ लागेल ती फक्त रंगीत कागदांना.

नात चित्रकलेच्या महाविद्यालयात शिकते. तिने माझ्यापुढे एक कोरे पान ठेवले, बारा इंच लांब, बारा इंच रुंद. अमेरिकेत या चिकटवह्यांचा मोठाच छंद आहे आणि तिकडे हेच माप रूढ आहे, असे ती म्हणाली. छंद तिकडे जुनाच. मार्क ट्वेनने १८७३ साली आधीच गोंद लावलेल्या चिकटवहीचे पेटंट घेतले होते. लेखकाने काढलेली आणि आत एक अक्षरही नसलेली वही! लेखकांनी मनावर घ्यावे असा तो नमुना आहे. पण ते असो.

"आजी, आता सगळी नक्षी बाजूला ठेव," नात म्हणाली. "कलर ब्लॉकिंग करू."

म्हणजे काय, तर पानाचे तीन-चार मोठे भाग पाडायचे आणि प्रत्येक भागात एकेकच सपाट रंग भरायचा. फूल नाही, वेल नाही, ठिपका नाही. मी याला मराठी शब्द शोधत होते. 'रंगखंड' म्हटले तर पाठ्यपुस्तकाचा वास येतो. मग मला आमच्या परसातले आळू, कोथिंबीर आणि मेथी आठवली आणि मी म्हटले, "म्हणजे रंगांचे वाफे!" नातीला तो शब्द इतका आवडला की तिने तो ताबडतोब फोनवरून मैत्रिणींना कळवला.

वाफे घालण्याच्या काही रीती आहेत. पान निम्मेनिम्म करायचे नाही. निम्मेनिम्म केले की दोन भाऊ वाटणी मागत असल्यासारखे दोन्ही रंग एकमेकांकडे बघत राहतात. एक वाफा मोठा, पानाच्या निम्म्याहून जास्त. दुसरा त्याच्या साधारण निम्मा. तिसरा अगदी चिंचोळा. सर्वांत भडक रंग असेल तो या चिंचोळ्यात घालायचा, कारण भडक रंग थोडाच पुरतो. फोटो वाफ्याच्या मधोमध ठेवायचा नाही, दोन वाफ्यांच्या बांधावर ठेवायचा, म्हणजे तो दोघांनाही बांधून धरतो. एखादा वाफा अगदी मोकळा सोडायचा. आणि मुख्य म्हणजे रंग मनाला येईल तो घ्यायचा नाही; फोटोतलाच एखादा रंग उचलायचा. फोटोत कुणाच्या हातात पिवळी पिशवी असेल तर ती पिवळी पट्टी पानाच्या कडेला आली पाहिजे, म्हणजे डोळा पिशवीकडे जातो आणि पिशवीवरून माणसाकडे.

हे सगळे ती मोठ्या गांभीर्याने सांगत होती, आणि मला मात्र एकसारखे वाटत होते की हे मी पूर्वी ऐकले आहे. संध्याकाळी भाजी निवडताना एकदम आठवले. हे आईचे गोधडीचे शास्त्र होते.

वडील १९६३ च्या पावसाळ्यात गेले. मी नऊ वर्षांची होते, दादा चौदाचा. त्यानंतर आईने सांगलीत मुलींच्या एका शाळेत शिवण शिकवायची नोकरी धरली. घरी तुकड्यांचे बोचके कायम असे. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती गोधड्या शिवायला बसे आणि तुकडे जमिनीवर मांडून मला म्हणे, "लाव बघू." मी लाल शेजारी केशरी, केशरीशेजारी मोरपंखी असे ठेवून देई. आई ते हलवी. "दोन नटव्या शेजारी बसवू नयेत," ती म्हणे. "मध्ये एक गरीब बसवावी. म्हणजे दोघी नीट दिसतात." गरीब म्हणजे करडा, मातकट, धुऊन धुऊन विटलेला तुकडा. गोधडीत असे गरीब तुकडे सर्वांत जास्त असत आणि ते कुणाच्याही लक्षात राहत नसत.

मी नातीला हे सांगितले तेव्हा तिने आपल्या पुस्तकांतून दोन-तीन गोष्टी मला वाचून दाखवल्या. पॅरिसमध्ये गोब्लँ नावाचा गालिचे-पडदे विणण्याचा सरकारी कारखाना आहे. तिथे शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ रंगखात्याचा प्रमुख होता. काळा रंग फिका दिसतो अशी त्याच्याकडे तक्रार आली. त्याने काळी लोकर तपासली तर रंगात दोष काहीच नव्हता. दोष शेजाऱ्यांचा होता! त्या काळ्याच्या शेजारी जे रंग विणले जात होते ते त्याला फिका पाडत होते. यावर त्याने १८३९ साली एक मोठा ग्रंथ लिहिला. पुढे जोसेफ आल्बर्स नावाच्या जर्मन चित्रकाराने अमेरिकेत वर्षानुवर्षे हेच शिकवले. तो विद्यार्थ्यांना रंगवायला लावायच्या ऐवजी रंगीत कागदाचे तुकडे एकमेकांशेजारी ठेवायला लावी. एकच कागद दोन वेगळ्या रंगांवर ठेवला की तो दोन कागदांसारखा दिसतो. त्याचे पुस्तक १९६३ साली निघाले. म्हणजे तो हे छापत होता त्याच सुमारास आई सांगलीत जमिनीवर तुकडे मांडीत होती. आईने काही ग्रंथ लिहिला नाही. तिला वेळ नव्हता.

नातीने मला एका झग्याचेही चित्र दाखवले. ईव्ह सें लोराँ या पॅरिसच्या शिंप्याने (नात म्हणते त्याला शिंपी म्हणू नये) १९६५ साली माँड्रियनच्या चित्रावरून बेतलेला झगा. पांढऱ्यावर काळ्या पट्ट्या आणि मध्ये लाल, निळे, पिवळे चौकोन. मला वाटले कापडावर छापले असेल. पण नाही, एकेक रंगाचा तुकडा वेगळा कापून जोडलेला आहे. ते वाचल्यावर मला त्या शिंप्याबद्दल आदर वाटला. आणि मग वाटले, आपली इरकली साडी याहून वेगळी काय आहे? अंग एका रंगाचे, काठ दुसऱ्या रंगाचा आणि पदर लाल. तो पदर वेगळ्या ताण्याचा असतो आणि अंगाच्या सुताला तो फासे घालून मागावरच जोडतात. सांगलीच्या बायकांना पैठणी लग्नातच दिसे. रोजची श्रीमंती म्हणजे इरकल. लाल पदरावर पांढऱ्या रेशमाचे ज्वारीचे कणीस, फणीचे दात, किल्ल्याचे बुरूज. आणि अंग मात्र सपाट. तो तर वाफाच.

तर मी वाफे घालायला शिकले. वहीची सात-आठ पाने चांगली जमली. १९८० नंतरचे फोटो रंगीत असल्याने काम सोपे होते: आजोबांच्या मफलरचा विटकरी, बारशाच्या दुपट्याचा आकाशी. अडचण आली ती एका फोटोपाशी, आणि खरे सांगायचे तर सबंध वही त्या एका फोटोसाठीच होती.

तो फोटो जून १९६६ चा. मागे शिक्का आहे, तारीख आहे. दादा मॅट्रिक झाला आणि पुण्याला कॉलेजात जायला निघाला, तेव्हा आम्ही तिघे हरभट रोडवरच्या एका स्टुडिओत गेलो होतो. आई खुर्चीवर बसली आहे. दादा शेजारी उभा, नव्या पँटमध्ये, हात कुठे ठेवावेत ते न कळून पाठीमागे घेतलेले. पुढे मी, दोन वेण्या. आईच्या अंगावर इरकल आहे. पदरावरचे पांढरे बुरूज स्पष्ट दिसतात. बाकी सगळे करडे. गडद करडे.

"आजी, पदर आणि अंग एकाच रंगाचं आहे ना?" नातीने विचारले.

"छे गं. पदर लाल असतो."

"मग अंग?"

मी सांगायला तोंड उघडले आणि मिटले. मला ठाऊक आहे असे मी साठ वर्षे धरून चालले होते. वांगी रंगाची होती ती साडी, मी म्हटले. पण म्हणताना आवाजात जोर आला नाही.

नातीने एक प्रयोग केला. लाल, हिरवा, जांभळा आणि चॉकलेटी असे चार कागद तिने टेबलावर ओळीने ठेवले आणि फोनवर काळापांढरा फोटो काढून मला दाखवला. चारही करडे. लाल आणि हिरव्यात तर मला काही फरकच दिसेना. साध्या फिल्मला उजेड किती येतो एवढेच कळते, कोणत्या रंगाचा येतो ते कळत नाही. फार जुन्या फिल्मांना लाल मुळीच दिसत नसे, तो काळा उतरे; पुढच्या फिल्मांना सगळे रंग दिसू लागले आणि त्यांनी लाल-हिरवे एकाच रांगेत नेऊन बसवले. म्हणजे शास्त्राने हात वर केले.

मी नाशिकला फोन लावला.

"दादा, तू कॉलेजला निघालास तेव्हाचा फोटो आठवतो?"

"आठवतो."

"त्यात आईची साडी कुठल्या रंगाची होती रे?"

पलीकडून इतका वेळ काही ऐकू येईना की मला वाटले फोन तुटला. मग तो म्हणाला, "चॉकलेटी असेल."

"असेल म्हणजे?"

"त्या वेळी आई दुसरं काय नेसत होती? चॉकलेटी, नाहीतर राखी."

हे मात्र खरे होते. आजच्या मुलींना सांगून पटत नाही, पण आमच्या गल्लीत नवरा गेलेल्या बाईला कुणी काही नियम वाचून दाखवत नसे. केस ठेवले म्हणून कुणी बोलत नसे. नोकरी करते म्हणून उलट कौतुकच. पण कुंकू गेले की लाल, हिरवा, पिवळा आपोआप मागे सरत. हिरवा तर सगळ्यात आधी, कारण हिरवा चुडा. एक हळूहळू विटत जाणे असे. आईचेही तसे झाले असणार. मी लहान होते. मला ती नेहमीच अशी होती असे वाटे.

तरी चॉकलेटी माझ्या मनाला पटेना. मी हट्टाने वांगी रंगाचाच मोठा वाफा घातला, शेजारी पदराची लाल पट्टी आणि बांधावर फोटो. दिसायला पान वाईट नव्हते. नात म्हणाली, "झकास!" मी खळ सुकायला पान पंख्याखाली ठेवले. खळ मी घरीच करते, मैद्याची, चिमूटभर मोरचूद घालून, म्हणजे तिला किडे लागत नाहीत. ही रीतही आईचीच.

श्रावणात दादा पुण्याला आला. दोन महिन्यांपूर्वी त्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती आणि ती येथल्या डॉक्टरांनी केली असल्यामुळे तपासणीसाठी यायचे होते. दादा इंजिनिअर, बोलणे मोजके. पण या खेपेला तो आल्या आल्या खिडकीशी उभा राहून म्हणाला, "तुमच्याकडची भिंत पांढरी आहे होय! मी इतकी वर्षं बदामी समजत होतो." मोतिबिंदू म्हणजे डोळ्यावर चढलेला पिवळा काचेचा तुकडाच, तो निघाला की जग एकदम निळे-पांढरे होते म्हणतात. माझा मोतीबिंदू अजून पिकायचा आहे. तेव्हा रंगाच्या बाबतीत माझ्या साक्षीला कायद्याने फार किंमत देऊ नये.

जेवण झाल्यावर मी वही काढली. एकेक पान तो सावकाश बघत होता. त्या पानाशी आला आणि थांबला.

"वांगी नव्हती," तो म्हणाला.

"बरं बाबा, चॉकलेटी."

"चॉकलेटीही नव्हती. हिरवी होती."

मी गप्प राहिले. नात सुपारी कातरत होती, तिचाही हात थांबला.

मग त्याने सांगितले ते असे. ती साडी वडिलांनी शेवटच्या दिवाळीला आणलेली. आईने तिची घडी मोडली नव्हती. साडेतीन वर्षे ती ट्रंकेच्या तळाशी होती. दादा पुण्याला निघाला त्या दिवशी तिने ती काढली आणि नेसली. स्टुडिओतून परत येताना मी मैत्रिणीच्या दारात थांबले. आई आणि तो पुढे गेले. गल्लीच्या तोंडाशी दोन बायका उभ्या होत्या. त्यातली एक आईकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "आज काय विशेष?" एवढेच. आई म्हणाली, "मुलगा शिकायला चाललाय." आणि दोघे घरी आले.

"मी तिला घरात गेल्यावर म्हटलं," दादा म्हणाला, "ही साडी पुन्हा नेसू नकोस. मला लाज वाटते."

"आई काय म्हणाली?"

"बरं म्हणाली."

तो थोडा वेळ फोटोकडे बघत राहिला. "सतरा वर्षांचा होतो," असे त्याने म्हटले असते तर मला सोपे गेले असते. तो तसे म्हणाला नाही.

दिवाळीत घरून वसतिगृहावर त्याला आईने गोधडी पाठवली. वरून राखी साडी, खालून मातकट. बाहेरून अगदी साधी, पण जाड. तिसऱ्या वर्षी ती पायाशी उसवली. आतल्या थरातून हिरवे बाहेर आले. दादाने बोट घालून बघितले. आतून सबंध हिरवी होती. सुताची नवी साडी, एकदा नेसलेली, तिने मध्ये घालून वरून टाके घातले होते.

"मग तू काय केलंस?"

"सुईदोरा आणला आणि शिवून टाकली. दुसरं काय करणार?"

"आईला कधी बोललास?"

"नाही. सुट्टीत घरी गेलो की ती विचारायची, गोधडीत ऊब आहे ना? मी म्हणायचो, आहे."

ती गोधडी कुठे गेली ते त्याला आठवत नाही. वसतिगृहातच राहिली असावी.

त्या रात्री मला झोप लागली नाही. दादाबद्दल वाईट वाटले असे लिहिले तर ते निम्मेच खरे होईल. पहिल्यांदा मला त्याचा राग आला. साठ वर्षांपूर्वीच्या पोराचा, आणि या शहात्तर वर्षांच्या म्हाताऱ्याचाही, की इतकी वर्षे एकट्याने आई वाटून घेऊन बसला. मग राग माझ्याकडे वळला. मी त्या दिवशी तिच्याबरोबर स्टुडिओत होते, तिच्या मांडीला टेकून उभी होते. हिरवी इरकल, तीन वर्षांत पहिल्यांदा, आणि ती माझ्या लक्षात राहिली नाही! मी वांगी रंग कुठून आणला? पहाटे उत्तर सुचले. फोटोत माझ्या अंगावर परकर आहे, तोही करडाच. तो वांगी होता. नवा होता. मला माझा परकर आठवत होता.

सकाळी मी ओल्या फडक्याने वांगी वाफा भिजवून सोडवला. खळीचा हा गुण, ती सोडते.

अप्पा बळवंत चौकातल्या दुकानात मी, दादा आणि नात असे तिघे गेलो. दुकानदाराने हिरव्याचे सात ताव गल्ल्यावर पसरले. पोपटी, मेंदी, शेवाळी, पाचू, बाटलीच्या काचेचा, आणखी दोन ज्यांना मला नावे देता येत नाहीत. नात एकेक ताव उजेडात धरून दाखवीत होती. दादा काही बोलेना. लोक मागून हात घालून वह्या मागत होते. शेवटी त्याने पाचूपेक्षा थोडा गडद, आत किंचित काळा असलेला ताव उचलला. "हा?" मी विचारले. "याच्या जवळचा," तो म्हणाला.

घरी येऊन हिरवा आणि लाल शेजारी ठेवले आणि आम्ही तिघेही दचकलो. दुकानात शांत असलेला हिरवा लालाशेजारी ओरडायला लागला, आणि लालही. पदर आणि अंग साडीवर किती सुखाने नांदतात! पण साडीवर मध्ये चुण्या असतात, सावल्या असतात, बाई असते. कागदावर यातले काही नाही. मी भीतभीत म्हटले, "हिरवा थोडा कमी करू या का? चिंचोळा घालू, मोठा वाफा बदामी ठेवू."

"नाही," दादा म्हणाला. "हिरवा मोठाच हवा."

नात नियम सांगायला तोंड उघडणार होती, पण शहाणी मुलगी आहे. तिने माझ्या बोचक्यातून करड्या कागदाची एक पट्टी काढली, फोटोतल्या साडीच्याच करड्याची, आणि हिरवा व लाल यांच्या मध्ये सरकवली. दोन्ही रंग गप्प बसले.

"मध्ये एक गरीब बसवावी," मी म्हटले.

दादाने माझ्याकडे बघितले. त्याला हे वाक्य ठाऊक नव्हते. गोधड्या मांडायला आई मला बसवी. तो तेव्हा अभ्यास करीत असे.

हिरवा तुकडा मीच कापणार, असे तो म्हणाला. आयुष्यभर ज्याने आराखडे काढले त्याने पोलादी पट्टी मागितली, पेन्सिलीने बारीक रेघ मारली, दोनदा मोजली. कात्री अर्ध्यावर गेली आणि त्याचा हात कापू लागला. रेघ सुटली. कड एका बाजूला वर चढत गेली, चांगली दोन सूत.

"मामाआजोबा, मी कटरने सरळ करून देऊ?" नातीने विचारले. "एक मिनिटाचं काम आहे."

दादा काही बोलला नाही. मी खळीत ब्रश बुडवला आणि तो तुकडा होता तसा पानाला लावून टाकला. वर करडी पट्टी, मग लाल. फोटोला चार काळे कोपरे लावून नातीने तो बांधावर बसवला आणि खाली, अगदी बारीक अक्षरांत, तारीख घातली. पान सुकायला ठेवून आम्ही चहा घेतला.